डग्लस फेअरबँक्स आणि लोखंडी मुखवटा

एखाद्या विद्येंत मनुष्य निष्णात व्हावा, तिच्या बळावर त्याची कीर्ति जगभर पसरावी, आणि ऐन भरांत ती विद्याच निरुपयोगी ठरावी, असा प्रसंग इतिहासांत वारंवार येतो. तोफाबंदुका आल्या तेव्हां ढालतलवारीचा असाच अस्त झाला; छापखाने निघाले तेव्हां सुंदर अक्षरांत पोथ्या उतरून काढणाऱ्या लेखकांची बोरूची लेखणी अशीच थांबली. अशा वेळीं मनुष्यानें काय करावें? रुसून बसावें, काळाला दोष द्यावा, कीं हातचें काम शेवटचें म्हणून उत्तम करून दाखवावें? हा प्रश्न आज ना उद्यां प्रत्येकापुढें उभा राहतो. ज्याच्या आयुष्यांत तो अत्यंत ठळकपणें उभा राहिला, अशा एका पुरुषाचें चरित्र आम्ही या लेखांत वाचकांपुढें मांडीत आहों.

सिनेनटाचें चरित्र शाळेच्या वार्षिक अंकांत कशासाठीं, असें कांहीं वडीलधारी मंडळी विचारतील. त्यांस आमचें उत्तर असें कीं, डग्लस फेअरबँक्स हे नट होते खरे, पण त्यांची कला केवळ रंगरंगोटीची नव्हती. ती व्यायामाची, परिश्रमाची आणि प्रसन्न वृत्तीची होती. त्या कलेचा निरोप त्यांनीं ज्या रीतीनें घेतला, त्यांत शिकण्यासारखें पुष्कळ आहे. त्यापुढील आयुष्यांतहि शिकण्यासारखें आहेच. मात्र तें निराळ्या अर्थानें.

अमेरिकेंतील कोलोरॅडो राज्याच्या डेन्व्हर शहरीं ता. २३ मे १८८३ रोजीं डग्लसचा जन्म झाला. घराण्याचें आडनांव उलमन. वडील चार्ल्स उलमन हे वकील होते. शेक्सपिअरच्या नाटकांचा त्यांस मोठा नाद होता, आणि तो बाळपणींच मुलासहि लागला. परंतु मूल अवघें पांच वर्षांचें असतांना वडील घर सोडून निघून गेले. संसाराचा सारा भार आई एला हिच्यावर येऊन पडला. तिचे पहिले पति फेअरबँक्स हे वारलेले होते. तिनें त्यांचें आडनांव पुन्हां धारण केलें व मुलांनाहि तेंच दिलें. मद्याला स्पर्श करणार नाहीं अशी शपथ तिनें डग्लसकडून घेतली, व ती त्यानें दीर्घकाळ पाळली. पहिल्या लग्नाचा मुलगा जॉन आणि डग्लसचा सख्खा भाऊ रॉबर्ट हे दोघेहि पुढें डग्लसच्या धंद्यांत त्याचे आधारस्तंभ झाले. बापानें मोडलेलें घर आईनें व भावांनीं असें सांवरून धरलें.

मुलगा अतिशय चपळ व तितकाच खोडकर होता. वर्गांत त्याचें चित्त लागेना. छपरांवर चढणें, झाडांवरून उड्या मारणें यांत मात्र त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. डेन्व्हरमध्यें मार्गारेट फीली या बाईंपाशीं त्यानें नाट्यकलेचे पहिले धडे घेतले. शालेय शिक्षण पुरें न करतांच, शतक पालटण्याच्या सुमारास तो न्यूयॉर्कला गेला आणि फ्रेडरिक वॉर्ड या नामांकित नटाच्या फिरत्या नाटकमंडळींत दाखल झाला. १९०२ सालीं ब्रॉडवेच्या रंगभूमीवर त्याचें पहिलें पाऊल पडलें. मध्यंतरीं कांहीं काळ त्यानें शेअरबाजाराच्या पेढीवर कारकुनीहि केली. १९०७ सालीं एका धनिकाची कन्या बेथ सली हिच्याशीं विवाह झाला, तेव्हां सासऱ्याच्या इच्छेवरून नाटक सोडून साबणाच्या व्यापारांत शिरावें लागलें. पण तेथें मन रमलें नाहीं, आणि थोड्याच काळांत स्वारी पुन्हां रंगभूमीवर परतली. १९०९ सालीं पुत्र झाला; त्याचेंहि नांव डग्लसच ठेवण्यांत आलें. या पुत्राची आठवण वाचकांनीं ठेवावी, कारण या कथेच्या शेवटीं त्याची पुन्हां गांठ पडणार आहे.

सिनेमाचा धंदा त्या वेळीं बाल्यावस्थेंत होता. प्रतिष्ठित नट त्याकडे तुच्छतेनें पाहत. परंतु १९१५ सालीं ट्रायँगल नांवाच्या कंपनीनें आठवड्यास दोन हजार डॉलर वेतन देऊं केलें, आणि फेअरबँक्स हॉलिवुडला गेले. तेथील सर्वश्रेष्ठ दिग्दर्शक ग्रिफिथ यांस या उड्या मारणाऱ्या नटाचें विशेष कौतुक वाटलें नाहीं. पण अनिता लूस या तरुण लेखिकेनें व जॉन इमर्सन या दिग्दर्शकानें त्यांच्यांतील गुण बरोबर हेरला. या मनुष्याचें हसूं आणि त्याचें शरीर हींच त्याची खरी भाषा आहे, हें त्यांनीं जाणलें व त्यास अनुरूप अशा विनोदी कथा रचल्या. जिना समोर असतांना खिडकींतून जाणारा, फाटक उघडें असतांना भिंतीवरून उडी मारणारा हा हसतमुख तरुण दोनतीन वर्षांच्या आंत अमेरिकेच्या घरोघरीं माहीत झाला.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षीं, १९१८ सालीं, सरकारी कर्जरोखे खपविण्यासाठीं फेअरबँक्स, चार्ली चॅप्लिन आणि मेरी पिकफर्ड यांनीं देशभर दौरे काढले. नटांस पाहण्यासाठीं जमलेले ते अफाट जनसमुदाय पाहून त्यांस आपल्या सामर्थ्याची कल्पना आली. पुढील वर्षीं चित्रपटकंपन्यांचे मालक एकत्र होऊन नटांचें वेतन बांधून टाकणार, अशी वार्ता उठली. तेव्हां या तिघांनीं ग्रिफिथ यांस बरोबर घेऊन १९१९ च्या फेब्रुवारींत युनायटेड आर्टिस्ट्स ही स्वतःची वितरणसंस्था काढली. पैसाहि आपला आणि जबाबदारीहि आपली, असा हा नवा प्रयोग होता. १९२० च्या मार्चमध्यें फेअरबँक्स व मेरी पिकफर्ड यांचा विवाह झाला. उभयतांचे पूर्वींचे विवाह मोडून हा घडला होता, ही गोष्ट आम्ही झांकून ठेवीत नाहीं. बेव्हर्ली हिल्स येथील त्यांच्या घराला दोघांच्या नांवांची सांगड घालून पिकफेअर हें नांव पडलें, आणि राजेरजवाड्यांपासून शास्त्रज्ञांपर्यंत सर्वांचा राबता तेथें सुरू झाला.

याच वर्षीं त्यांच्या आयुष्यांतील मोठें पर्व सुरू झालें. जॉन्स्टन मॅककली यांच्या एका मासिक-कथेवरून त्यांनीं मार्क ऑफ झोरो हा चित्रपट काढला. दिवसा मिळमिळीत, आळशी जमीनदार आणि रात्रीं काळा मुखवटा घालून जुलमी अधिकाऱ्यांची खोड मोडणारा वीर, अशी ही दुहेरी भूमिका होती. प्रेम, तलवार, विनोद व दुबळ्यांची कड घेणारें साहस यांचें असें मिश्रण लोकांनीं पूर्वीं पाहिलेलें नव्हतें. चित्रपट अपार लोकप्रिय झाला. मग थ्री मस्केटिअर्स १९२१ सालीं, रॉबिन हूड १९२२ सालीं, थीफ ऑफ बगदाद १९२४ सालीं आणि ब्लॅक पायरेट १९२६ सालीं, असे एकाहून एक भव्य चित्रपट त्यांनीं निर्माण केले. यांपैकीं कित्येकांच्या कथेवर एल्टन थॉमस असें लेखकाचें नांव आढळतें. तें त्यांच्याच जन्मनांवांतील मधले दोन शब्द होत.

त्यांच्या त्या अद्भुत उड्यांचें रहस्य काय, हें आमच्या व्यायामप्रिय मित्रांस जाणून घ्यावेंसें वाटेल. फेअरबँक्स उंचीनें मध्यमच होते, आणि वयाची चाळिशी जवळ येत होती. रोजचा व्यायाम तर होताच, पण त्याच्या जोडीला विचार होता. ज्या मेजावर उडी मारावयाची, त्याची उंची त्यांच्या उडीच्या मापानें ठरविली जाई. ज्या भिंतीवर चढावयाचें, तिच्यांतील खांचा त्यांच्या हाताच्या पल्ल्यास जुळतील अशा बसविल्या जात. प्रेक्षकांस श्रम दिसूं नयेत, केवळ आनंद दिसावा, हा त्यांचा कटाक्ष असे. बगदादच्या चोराच्या चित्रपटांत एका मोठ्या रांजणांतून दुसऱ्यांत अशा ज्या उड्या आहेत, त्या रांजणांच्या आंत उसळी देणाऱ्या ताणलेल्या जाळ्या दडविलेल्या होत्या. समुद्रचाच्यांच्या चित्रपटांत जहाजाच्या शिडांत खंजीर खुपसून ते शीड फाडीत खालीं सरकत येतात. त्यामागेंहि अशीच दडलेली युक्ति होती. यांत फसवणूक आहे असें आम्हांस वाटत नाहीं. अवघड गोष्ट सोपी दिसावी म्हणून तिची आधीं अवघड तयारी करणें, यालाच कला म्हणतात.

रॉबिन हूडच्या वेळची एक गोष्ट दिग्दर्शक ॲलन ड्वॉन पुढें सांगत असत. चित्रपटासाठीं एक प्रचंड किल्ला उभारला होता. मूकपटांच्या काळांत त्याच्या तोडीच्या इमारती थोड्याच बांधल्या गेल्या. तो पाहतांच फेअरबँक्स यांचा धीर खचला. एवढ्या भिंतींपुढें आपण मुंगीसारखे दिसूं, असें म्हणून ते चित्रपटच सोडून द्यावयास निघाले. तेव्हां ड्वॉन यांनीं त्यांस किल्ल्यांत नेलें. उंच सज्जापासून जमिनीपर्यंत एक भला मोठा पडदा सोडलेला होता आणि त्याच्या मागें मुलांच्या खेळांत असते तशी घसरगुंडी लपविलेली होती. ड्वॉन स्वतः वरून उडी घेऊन पडद्यावरून सर्रकन खालीं आले. तें पाहून फेअरबँक्स लहान मुलासारखे पुन्हां पुन्हां घसरूं लागले, आणि किल्ल्याची भीति पार पळाली. ही खेळकर वृत्ति हेंच त्यांचें सर्वस्व होतें.

त्यांची कीर्ति आपल्या देशांतहि पोंचली. थीफ ऑफ बगदाद या चित्रपटानें येथील प्रेक्षकांस वेड लावलें. १९२७-२८ सालीं सरकारनें नेमलेल्या सिनेमा चौकशी समितीपुढें ज्या साक्षी झाल्या, त्यांवरून या देशांत सर्वांत लोकप्रिय ठरलेला परदेशी चित्रपट हाच होता असें दिसून आलें. याचें कारण उघड आहे. मूकपटास भाषेचा अडसर नव्हता. पडद्यावरील लेखी मजकूर ज्यास वाचतां येत नसे, त्यासहि उडणारा गालिचा आणि हसणारा चोर समजत असे. मॉस्को, मुंबई व न्यूयॉर्क येथील माणसें एकाच चित्रावर एकाच वेळीं टाळ्या पिटीत असत. तशी सर्वांस समजणारी भाषा पुढें सिनेमाच्या हातीं फारशी उरली नाहीं.

कारण ता. ६ ऑक्टोबर १९२७ रोजीं न्यूयॉर्कमध्यें जाझ सिंगर हा चित्रपट झळकला, आणि पडदा बोलूं लागला. आरंभीं आवाज तबकडीवर मुद्रित करून चित्राबरोबर वाजविला जाई. लोकांस त्या नवलाईचें इतकें वेड लागलें कीं वर्षादीडवर्षांत चित्रपटगृहांचे मालक बोलपटावांचून दुसरें कांहीं मागेनात. कैक परदेशी नटांचा उच्चार आड आला. कित्येकांचा आवाज लोकांस आवडला नाहीं. फेअरबँक्स यांस ही अडचण नव्हती. ते रंगभूमीवर वाढलेले, त्यांची वाणी स्वच्छ होती. त्यांची अडचण निराळी आणि अधिक खोल होती.

त्या काळचा मायक्रोफोन जवळच्या जवळच आवाज टिपीत असे. तो फुलदाणींत किंवा दिव्याच्या आड दडवीत, आणि नटानें त्याच्यापासून दूर जावयाचें नाहीं असा नियम असे. कॅमेऱ्याची घरघर ध्वनिमुद्रणांत येऊं नये म्हणून कॅमेरा व तो चालविणारा या दोघांनाहि कांचेच्या खिडकीच्या बंद कोठडींत कोंडीत. त्यामुळें कॅमेरा जागचा हलेनासा झाला. म्हणजे ज्या मनुष्याची वाणी म्हणजे त्याची गति, त्यास एका जागीं खिळून उभें राहून बोलावयास सांगण्यांत येत होतें. गरुडाचे पंख बांधून त्यास गाणें म्हणावयास लावावें, तसाच हा प्रकार होता.

विशेष हें कीं, या वेळीं फेअरबँक्स हे चित्रव्यवसायाच्या अगदीं शिखरावर होते. १९२७ सालीं स्थापन झालेल्या चित्रपटकला व शास्त्र अकादमीचे ते पहिले अध्यक्ष. ता. १६ मे १९२९ रोजीं हॉलिवुडच्या रूझवेल्ट हॉटेलांत अकादमीचीं पहिलीं पारितोषिकें त्यांच्याच हस्तें दिलीं गेलीं. समारंभ पंधरावीस मिनिटांत आटोपला. मुख्य मान विंग्ज या मूकपटास मिळाला, आणि जाझ सिंगरच्या निर्मात्यांस खास पारितोषिक देण्यांत आलें. मावळत्या व उगवत्या अशा दोन्ही युगांस एकाच बैठकींत गौरविण्याचें काम त्यांच्या वांट्यास आलें.

या समारंभाच्या कांहीं महिने आधींच त्यांनीं आपल्या मनाशीं निर्णय केला होता. १९२८ सालीं त्यांनीं आपला शेवटचा मोठा मूकपट हातीं घेतला. तोच आयर्न मास्क, म्हणजे लोखंडी मुखवटा. सात वर्षांपूर्वीं ज्या दार्तान्यांची भूमिका त्यांनीं केली होती, त्याच वीराची ही उत्तरकथा. फ्रेंच कादंबरीकार अलेक्झांद्र द्युमा यांच्या मस्केटिअर-कथांच्या शेवटच्या भागांतील मुखवट्याच्या कैद्याचा प्रसंग तिला आधार होता. चौदाव्या लुईच्या कारकीर्दींत असा एक गूढ कैदी खरोखरच होऊन गेला. १७०३ च्या नोव्हेंबरांत तो पॅरिसच्या बास्तीय तुरुंगांत मरण पावला. त्याचा मुखवटा बहुधा काळ्या मखमलीचा असावा. त्याला लोखंडाचा केला तो दंतकथेनें, आणि त्या कैद्यास राजाचा जुळा भाऊ केलें तें लेखकांच्या प्रतिभेनें.

या चित्रपटासाठीं फेअरबँक्स यांनीं कांहीं कमी पडूं दिलें नाहीं. द्युमाच्या कादंबरीचीं सुप्रसिद्ध चित्रें काढणारे वयोवृद्ध फ्रेंच चित्रकार मोरीस लेल्वार यांस त्यांनीं पंचाहत्तरीच्या घरांत असतांना समुद्रापलीकडून बोलावून आणलें. इंग्लंडहून लॉरेन्स अर्व्हिंग हे तरुण चित्रकार आले. सतराव्या शतकांतील पोशाख, सामान, दारें, खिडक्या, शिष्टाचार हें सर्व या मंडळींनीं बारकाईनें पारखून घेतलें. दिग्दर्शनास पुन्हां ॲलन ड्वॉन होते, आणि तलवारीचे हात शिकविण्यास फ्रेड कॅव्हेन्स. जें युग संपत आहे त्याचें अखेरचें काम म्हणून त्यांत उणीव राहतां कामा नये, अशा निष्ठेनें सर्वांनीं तें केलें.

चित्रपट मूकच ठेवावयाचा, परंतु काळाचा मान राखण्यासाठीं पूर्वार्धाच्या व उत्तरार्धाच्या आरंभीं दार्तान्यांनें प्रेक्षकांशीं थोडें बोलावें, असें ठरलें. एखाद्या चित्रांतील आकृति जिवंत होऊन पुढें यावी, तसा तो वीर तलवार घेऊन प्रेक्षकांसमोर येतो, आणि गेलेल्या शौर्ययुगाची आठवण पद्यांत सांगतो. या भाषणांच्या मुद्रणाच्या वेळची हकीकत अर्व्हिंग यांनीं लिहून ठेवली आहे. ध्वनिमुद्रणाची ती जागा अंधारी, जाड पडद्यांनीं वेढलेली आणि तारांनीं भरलेली होती. दारांतून आंत डोकावून पाहतांच फेअरबँक्स थबकले, अर्व्हिंग यांच्या दंडावर हात ठेवला, आणि चित्रपट काढण्यांतील सारी अद्भुतरम्यता येथें संपली, अशा अर्थाचे शब्द बोलले. त्यांत चडफड नव्हती. जें दिसलें तें त्यांनीं ओळखलें, इतकेंच. मग ते आंत गेले व आपलें काम त्यांनीं चोख केलें.

कथानक थोडक्यांत असें: फ्रान्सच्या राणीस जुळे राजपुत्र होतात. राज्यांत दुफळी माजूं नये म्हणून मुख्य प्रधान कार्डिनल रिशल्यू धाकट्याचा जन्म गुप्त ठेवतो. दार्तान्यांची प्रिया कॉन्स्टन्स हिला तें रहस्य कळतें, आणि त्यांतच तिचा बळी जातो. चारहि जिवलग मित्रांची ताटातूट होते. वीस वर्षें लोटतात. दार्तान्यां आतां प्रौढ झालेला, तरुण राजाचा रक्षक आहे. दुष्ट सरदार रोशफोर हा धाकट्या भावास गादीवर बसवितो आणि खऱ्या राजास लोखंडी मुखवट्यांत डांबून दूरच्या गढींत टाकतो. तो कैदी एका चांदीच्या ताटलीवर निरोप कोरून खिडकीबाहेर फेंकतो. ती ताटली दार्तान्यांपर्यंत येते. तो आपल्या तीन जुन्या सोबत्यांस साद घालतो, आणि ते सर्व धांवून येतात. राजाची सुटका होते, परंतु एकेक करून तिघेहि मित्र कामीं येतात. दार्तान्यांसहि पाठीत जखम होते. राजास सिंहासनावर बसवून, आपली जखम कोणास न दाखवितां, तो एकटाच बाहेर बागेंत येतो. आकाशांतून गेलेले मित्र त्यास हांक मारतात. त्याचें शरीर खालीं कोसळतें, आणि चौघे पुन्हां एकत्र होऊन ढगांवरून हसत पुढल्या मोहिमेवर निघतात.

झोरोपासून पुढें फेअरबँक्स यांच्या साहसपटांतील नायक कधीं मेला नव्हता. मरण हा शब्दच त्यांच्या पडद्यावर वर्ज्य होता. पंचेचाळिसाव्या वर्षीं, आपल्या कलेच्या शेवटच्या मोठ्या चित्रपटांत, त्यांनीं नायकाचें मरण प्रथम दाखविलें, आणि तेंहि हसतमुखानें. आम्हांस वाटतें, तेथें मरत होता तो केवळ दार्तान्यां नव्हे. मूकपटांतील सारें साहस त्याच्याबरोबर निरोप घेत होतें. फेब्रुवारी १९२९ मध्यें तो चित्रपट प्रकाशित झाला. ध्वनीच्या धामधुमींतहि लोकांनीं तो आवडीनें पाहिला, आणि आज शंभर वर्षांच्या जवळपास काळ लोटल्यावरहि जाणकार त्यास त्यांच्या उत्तम कृतींत गणतात.

येथें आपल्या महाराष्ट्रांतील एका नटाची आठवण होणें साहजिक आहे. कोल्हापुरास बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनींत पुढें आलेले आणि मग मुंबईच्या मूकपटांत तलवार गाजविणारे मास्टर विठ्ठल यांस लोक हिंदुस्थानचे डग्लस फेअरबँक्स म्हणत. ता. १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरांत आलम आरा हा या देशांतील पहिला बोलपट लागला. त्याचे नायक तेच होते. परंतु त्यांची जीभ त्या भाषेस सरावलेली नव्हती, म्हणून नायकास बराच वेळ मौन ठेवावें लागलें असें सांगतात. अमेरिकेंतील गुरूस ज्या वादळानें गांठलें, त्याच वादळानें इकडील एकलव्यासहि गांठलें. देश दोन, भाषा दोन. पण संकट एकच.

फेअरबँक्स यांच्या पुढील दहा वर्षांची हकीकत थोडक्यांत सांगतों, कारण ती सुखाची नाहीं. १९२९ सालींच त्यांनीं पत्नीसह शेक्सपिअरच्या टेमिंग ऑफ द श्रू या नाटकाचा बोलपट काढला. बाळपणीं वडिलांच्या तोंडून ज्या कवीचीं वचनें ऐकलीं, त्याचीच भाषा बोलण्याची ही संधि होती. पण जुनी उमेद त्यांच्यांत उरली नव्हती. या कामाच्या वेळीं पतिपत्नींतील अंतरहि वाढत गेलें. मग ते सारखे प्रवास करूं लागले. १९३१ सालीं जगाची सफर केली, त्यांत आपल्या देशांतहि ते आले, आणि त्या सफरीचा चित्रपट काढला. १९३२ सालीं दक्षिण समुद्रांतील बेटांवर जाऊन रॉबिन्सन क्रूसोच्या धर्तीचा आणखी एक चित्रपट केला. पण जो पूर्वीं कामांत आनंद शोधीत असे, तो आतां देशोदेशीं विसांवा शोधीत होता, आणि तो मिळत नव्हता.

१९३४ सालीं इंग्लंडमध्यें अलेक्झांडर कोर्डा यांच्या प्रायव्हेट लाइफ ऑफ डॉन वॉन या बोलपटांत त्यांनीं शेवटची भूमिका केली. ती भूमिका मोठी अर्थपूर्ण होती. वृद्धत्वाकडे झुकलेला एक प्रसिद्ध नायक. त्याचें सोंग घेणारा दुसराच एक तरुण मारला जातो, आणि खरा नायक परत येऊन मी तोच असें सांगतो, तेव्हां कोणीहि त्याच्यावर विश्वास ठेवीत नाहीं. स्वतःच्या आयुष्याची छाया त्यांस त्यांत दिसली नसेल असें म्हणवत नाहीं. १९३६ सालीं मेरी पिकफर्डशीं घटस्फोट पुरा झाला, व त्याच वर्षीं पॅरिसमध्यें त्यांनीं तिसरा विवाह केला. ता. १२ डिसेंबर १९३९ रोजीं सांता मोनिका येथील राहत्या घरीं, हृदयविकारानें, झोपेंतच त्यांचा अंत झाला. वय अवघें छप्पन्न वर्षांचें. अकादमीनें आपल्या पहिल्या अध्यक्षास मरणोत्तर मानाचें पारितोषिक अर्पण केलें.

१९५२ सालीं आयर्न मास्क पुन्हां प्रकाशित करण्यांत आला. मूकपट पाहण्याची संवय तोंपर्यंत लोकांस राहिली नव्हती, म्हणून लेखी मजकूर काढून त्याच्या जागीं निवेदन घातलें गेलें. तें निवेदन त्यांच्या पुत्रानें, धाकट्या डग्लस फेअरबँक्स यांनीं केलें. पितापुत्रांत फारसा सहवास घडला नव्हता. लहानपणीं बाप घर सोडून गेल्याचें दुःख पित्यानें भोगलें होतें, आणि तेंच त्यानें आपल्या मुलाच्याहि वांट्यास आणलें होतें. तरीहि बापाच्या मुक्या शौर्याला शेवटीं आवाज मिळाला तो या मुलाचा. यापेक्षां मोठें तर्पण कोणतें असूं शकेल, हें आम्हांस माहीत नाहीं.

या चरित्राचा बोध काय? आमच्या मतें तो दुहेरी आहे. आपल्या हातची विद्या मावळत असतांना तिची हेळसांड न करतां, उलट तिला शेवटचा अलंकार चढवून निरोप देणें, हें फेअरबँक्स यांनीं ज्या उमद्या मनानें केलें तें वंदनीय आहे. परंतु पडद्यावरील दार्तान्यांला मरतांच नवी मोहीम मिळाली, तशी ती त्यास निर्माण करणाऱ्या नटास आयुष्यांत सांपडली नाहीं. चांगला शेवट करणें ही अर्धी विद्या. त्यापुढें नवा आरंभ करणें ही उरलेली अर्धी. पहिली त्यांना पूर्णपणें साधली, दुसरी साधली नाहीं.

आमच्या विद्यार्थी मित्रांच्या आयुष्यांतहि यंत्रें बदलतील, धंदे बदलतील, आज ज्या गुणाला बक्षीस मिळतें त्याला उद्यां कोणी विचारणार नाहीं. त्या वेळीं त्यांनीं हातचें काम फेअरबँक्स यांच्याप्रमाणें चोख आणि हसतमुखानें पुरें करावें. आणि तें पुरें झाल्यावर, जेथें फेअरबँक्स थांबले तेथून एक पाऊल पुढें टाकावें, एवढीच आमची इच्छा आहे.